‘आयएफकॉन्फिग कुठे गेली?’ : डेबियन 9 मधून वगळलेल्या एका पॅकेजचं प्रकरण

कोणत्या पॅकेजला किती मान द्यायचा, हे डेबियनच्या, म्हणजे लिनक्सच्या एका जुन्या वितरणाच्या, धोरणपुस्तिकेत एका छोट्याशा भागात सांगितलं आहे. बाकी पुस्तिका परिपत्रकासारखी कोरडी आहे, पण ‘महत्त्वाचं’ या पायरीची व्याख्या वाचताना हसू येतं. मुरलेल्या युनिक्सवाल्याला यंत्रावर एखादा प्रोग्रॅम सापडला नाही आणि तो ‘अरे, हे चाललंय काय? अमुक कुठे गेलं?’ म्हणून ओरडला, तर तो प्रोग्रॅम महत्त्वाचा समजायचा आणि मूळ इन्स्टॉलेशनमध्ये ठेवायचा. म्हणजे आकार, वेग, कोड किती नवा यातलं काहीच इथे मोजलं जात नाही. मोजायचं ते एका माणसाचं दचकणं.

17 जून 2017 रोजी डेबियन 9 आलं, टोपणनाव ‘स्ट्रेच’. त्यात नेट-टूल्स नावाचं पॅकेज ‘महत्त्वाचं’वरून उतरवून थेट ‘ऐच्छिक’मध्ये टाकलं होतं. मधली ‘प्रमाणित’ पायरीसुद्धा ओलांडली. या पॅकेजमध्ये आयएफकॉन्फिग, नेटस्टॅट, राउट आणि एआरपी या नेटवर्कच्या कमांड राहतात. यातली यंत्राचे नेटवर्क पत्ते दाखवणारी आयएफकॉन्फिग 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सपासूनची. लिनक्सवरची नेट-टूल्स मुळात फ्रेड व्हॅन केम्पेन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिली. वीसेक वर्षं लिनक्सचं कुठलंही पुस्तक उघडा, नेटवर्कच्या प्रकरणात पहिली कमांड हीच. धोरणपुस्तिकेतला तो मुरलेला माणूस ओरडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी काढलं.

ते बरोबर होतं का, हा या प्रकरणाचा प्रश्न. माझं उत्तर ‘हो’ असं आहे. पण त्या उत्तराला येण्याआधी मला एका बॅकअपने चांगलंच शिकवलं, म्हणून आधी ते सांगतो.

बॅकअपचा किस्सा

एका ऑफिसची दोन यंत्रं मी बघत असे. दोन्हींवर डेबियन 8, दोन्हींवर तीच बॅकअप स्क्रिप्ट. स्क्रिप्ट आधी स्वतःचा आयपी पत्ता काढायची. पत्ता ठरलेला असेल तर ‘मी मुख्य यंत्र’ म्हणून बॅकअप घ्यायची, नसेल तर ‘मी राखीव’ म्हणून काही न बोलता बाहेर पडायची. मुख्य यंत्र बिघडलं की राखीव यंत्राला तो पत्ता द्यायचा, बॅकअप आपोआप तिकडून सुरू. मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची.

पत्ता काढण्याची ओळ तीच, जी त्या काळी प्रत्येकाच्या स्क्रिप्टमध्ये असायची. आयएफकॉन्फिगचं आउटपुट घ्यायचं, त्यातून ‘आयनेट अ‍ॅडर’ आणि त्यापुढे कोलन असलेली ओळ ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने उचलायची, कोलनवर तोडायची, दुसऱ्या तुकड्यातला पहिला शब्द घ्यायचा. ही ओळ मी लिहिलेली नव्हती, कुणाची तरी उचलली होती. त्यानेही बहुधा उचललेलीच असणार.

दोन्ही यंत्रं 8 वरून 9 वर नेली. अपग्रेड विनातक्रार पार पडलं. यानंतर अकरा दिवस बॅकअप झाला नाही आणि कुणालाही कळलं नाही.

कारण असं. प्राधान्य उतरवलं म्हणून अपग्रेड करताना कुणाच्या यंत्रावरून पॅकेज उपटलं जात नाही, ते फक्त नव्या इन्स्टॉलेशनमध्ये येत नाही. त्यामुळे आमच्या दोन्ही यंत्रांवर आयएफकॉन्फिग जागच्या जागी होती, पण डेबियन 9 सोबत तिची आवृत्ती नवी आली होती आणि आउटपुटची मांडणी बदलली होती. ‘आयनेट अ‍ॅडर’ आणि कोलन जाऊन नुसतं ‘आयनेट’ आणि पुढे एक मोकळी जागा, एवढाच फरक. ग्रेपला काही सापडेना, पत्त्याची जागा रिकामी राहिली, दोन्ही यंत्रांनी स्वतःला राखीव ठरवलं आणि दोन्ही शहाण्या मुलांसारखी गप्प झोपली. परतीचा कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक.

कळलं ते तिसऱ्या यंत्रामुळे. राखीव यंत्र जुनं झालं होतं म्हणून नवं आणलं, त्यावर डेबियन 9 कोरं टाकलं, स्क्रिप्ट कॉपी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, मेल आली : बारावी ओळ, एसबिनमधली आयएफकॉन्फिग, अशी कोणती फाइलच नाही. मी चिडलो. डेबियनवाल्यांच्या नावाने दोन शब्द काढले. मग स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसलो आणि जुन्या यंत्राकडे नजर गेली.

हाच या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटलेला भाग. ज्यांनी नवं इन्स्टॉल केलं त्यांच्या तोंडावर दार आपटलं, पण आवाज तरी आला. ज्यांनी अपग्रेड केलं त्यांच्याकडे दार होतं तिथेच होतं, फक्त पलीकडची खोली बदलली होती. सगळा गदारोळ झाला तो पहिल्या गटाचा. घाव बसला तो दुसऱ्याला.

आउटपुट बदलणाऱ्यांनाही दोष कुठे द्यावा? ते आउटपुट माणसाने वाचायला होतं, स्क्रिप्टने कापायला नव्हे. जर्मन भाषेत चालवलेल्या यंत्रावर तिथे ‘आयनेट आड्रेस’ छापून यायचं, फ्रेंचमध्ये आणखी वेगळं, आणि स्क्रिप्टा तेव्हाही कोलमडायच्या. म्हणून जाणते लोक स्क्रिप्टच्या सुरुवातीला भाषा ‘सी’वर, म्हणजे साध्या मूळ इंग्रजीवर, ठेवायचे. आमच्या स्क्रिप्टमध्ये तेही नव्हतं, कारण मराठीत आउटपुट येण्याचा धोका आम्हाला कधी पत्करावाच लागला नाही.

अर्धं सांगणारी कमांड

आता मूळ मुद्दा. आयएफकॉन्फिग कर्नलशी, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याशी, बोलते ती आयओसीटीएल या जुन्या पद्धतीने. ठरावीक मापाचा छापील फॉर्म भरून खिडकीत द्यावा, तसा हा व्यवहार. फॉर्मवर इंटरफेसच्या, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीच्या, नावाला 16 बाइट, पत्त्याला एक रकाना. ‘ईटीएच शून्यचा (पहिल्या नेटवर्क कार्डाचा) पत्ता काय?’ असं विचारायचं, एक पत्ता परत येतो. दुसरा पत्ता लिहायला रकानाच नाही.

1983 मध्ये ते पुरेसं होतं. लिनक्सच्या 2.2 कर्नलमध्ये, म्हणजे 1999 च्या जानेवारीत, नेटवर्कचा भाग आतून नव्याने मांडला गेला. एका इंटरफेसला हवे तितके पत्ते देता येऊ लागले, मार्गांचा एकच तक्ता न राहता अनेक झाले, आणि कोणत्या पॅकेटने कोणता तक्ता बघायचा याचे नियम लावता येऊ लागले. या कर्नलशी बोलण्यासाठी नेटलिंक हा नवा मार्ग होता. तिथे फॉर्म नाही, हवी तितकी लांब चिठ्ठी पाठवायची आणि उत्तरही तितकंच लांब यायचं. अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी त्यासाठी आयपीराउट2 हा संच लिहिला. आपण आज ‘आयपी ए’ टाइप करतो ती कमांड त्यातलीच.

म्हणजे 1999 पासून 2017 पर्यंत, अठरा वर्षं, दोन्ही संच एकाच यंत्रावर शेजारी शेजारी नांदत होते आणि त्यातला एक अर्धंच सांगत होता. हे करून बघता येतं. ‘आयपी’ने एखाद्या इंटरफेसला लेबल न देता दुसरा पत्ता जोडा, मग आयएफकॉन्फिग चालवा. तिला फक्त पहिला दिसतो. ‘मला इतकंच कळतं’ असं ती म्हणत नाही. जितकं दिसतं तितकंच आहे, असं दाखवते. राउटचंही तसंच, ती फक्त मुख्य तक्ता वाचते. बाकीच्या तक्त्यांत नियम लावून अर्धी वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवलेली असली तरी तिच्या लेखी सगळं सरळ.

बारीकसारीक गोष्टी तर किती. नेट-टूल्सची 1.60 ही आवृत्ती 2001 ची, आणि डेबियनमध्ये नंतरही कितीतरी वर्षं तीच, वर ठिगळं लावून. ती इंटरफेसचं नाव नऊ अक्षरांवर कापायची. ईटीएच शून्यच्या जमान्यात कुणाचं अडलं नाही. पण यूएसबीवरच्या नेटवर्क कार्डाला नव्या पद्धतीने ‘ईएनएक्स’ आणि पुढे कार्डाचे बारा अंक असं पंधरा अक्षरी नाव मिळायला लागलं, तेव्हा कापलेलं नाव कॉपी करून दुसऱ्या कमांडला दिलं की ‘असा इंटरफेस नाही’. इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कच्या कार्डाचा हार्डवेअर पत्ता 20 बाइटांचा असतो. रेड हॅटच्या आयएफकॉन्फिगच्या मॅन पानावर (कमांडच्या माहितीपानावर) स्वच्छ लिहिलं आहे की त्यातले पहिले 8 बाइटच बरोबर दिसतील, बाकीच्यासाठी ‘आयपी’ वापरा. जिथे मॅन पानच सांगतं की माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्या कमांडला मूळ इन्स्टॉलेशनमध्ये मानाचं पान कशासाठी?

नेटस्टॅटची तक्रार मात्र वेगळी. ती खोटं सांगत नाही, संथ आहे. कर्नल आपली माहिती प्रॉक नावाच्या फोल्डरात फाइलींच्या रूपात दाखवतो, तिथली मजकुराची फाइल ती ओळीओळीने वाचते. दोनचारशे जोडण्या असतील तर फरक कळत नाही, लाखभर असतील तर चहा पिऊन या. तिच्या जागी आलेली, आयपीराउट2 मधली एसएस कर्नललाच सांगते की मला फक्त अमुक पोर्टवरच्या जोडण्या दे. तेवढ्यासाठी नेटस्टॅटला हाकलावं असं मला वाटत नाही, पण ती त्याच पॅकेजमध्ये राहते, त्यामुळे सुक्याबरोबर ओलंही गेलं.

दुरुस्त का नाही केली?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बीएसडीवाल्यांकडे बघितलं की सापडतं. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवर आजही आयएफकॉन्फिगच मुख्य आहे. वायफाय, व्हीलॅन, ब्रिज, सगळं तिच्यातूनच होतं. तिथे कर्नल आणि या कमांड एकाच घरात, एकाच झाडावर वाढतात. कर्नलमध्ये नवं काही आलं की त्याच हाताने कमांडही बदलते, म्हणून नाव जुनं राहिलं आणि आतलं सगळं नवं झालं.

लिनक्समध्ये कर्नल एका घरचं, नेट-टूल्स दुसऱ्या घरचं. कर्नलच्या माणसांनी नवा नेटवर्क लिहिला तेव्हा सोबत स्वतःचा नवा संच लिहिला, आणि जुना ज्यांच्या हाती होता त्यांच्याकडे राहिला. 2001 नंतर त्याची गती जवळजवळ थांबली. वितरणं आपापली ठिगळं लावत राहिली, म्हणून डेबियनची आयएफकॉन्फिग आणि फेडोराची आयएफकॉन्फिग या सख्ख्या बहिणी राहिल्या नाहीत. आयपीराउट2 मात्र कर्नलच्या तालावर निघत गेलं. डेबियन 9 मध्ये कर्नल 4.9 होता आणि आयपीराउट2 सुद्धा 4.9. मूळ इन्स्टॉलेशनमध्ये काय ठेवायचं हे ठरवताना माझ्या मते इतकी एक गोष्ट पुरेशी आहे : जे साधन कर्नलसोबत चालतं ते ठेवा.

डेबियनने घाई केली असंही नाही. 2009 मध्येच नेट-टूल्सचं पुढे काय करायचं ही चर्चा तिथे सुरू झाली होती. डेबियन 7 पर्यंत इंटरफेस चालू-बंद करणारं इफअपडाउन स्वतःच ‘आयपी’वर गेलं होतं, म्हणजे यंत्र चालायला नेट-टूल्सची गरज उरली नव्हती. आर्च या दुसऱ्या वितरणाने 2011 मध्येच नेट-टूल्स कालबाह्य ठरवलं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 आणि मागोमाग सेंटओएस 7 2014 मध्ये आले, तेव्हा त्यांच्या किमान इन्स्टॉलेशनमधून ते गायब होतं. आपल्याकडच्या कितीतरी अ‍ॅडमिनांना ‘कमांड सापडली नाही’ हा धक्का डेबियनने नव्हे, सेंटओएस 7 ने दिला. डेबियन रांगेत बरंच मागे होतं. शेवटी काढताना रिलीज नोट्समध्ये जुन्या-नव्याची जोडी लावून दिली : एआरपीऐवजी ‘आयपी एन’, आयएफकॉन्फिगऐवजी ‘आयपी ए’, नेटस्टॅटऐवजी ‘एसएस’, राउटऐवजी ‘आयपी आर’. आणि हवंच असेल तर एका ओळीत कसं इन्स्टॉल करायचं तेही. सौजन्य म्हणून यापेक्षा जास्त काय करणार? आउटपुटची मांडणी बदलते आहे, स्क्रिप्टा तपासा, हे मात्र तितक्याच ठळकपणे सांगायला हवं होतं. मी ज्यात अडकलो ते तेच.

विरोधातलं बोलणं

विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मला वजनदार वाटतात.

पहिला : नेटवर्कच बंद असेल तर नेटवर्क दुरुस्त करायचं साधन नेटवर्कवरून कसं आणणार? पॅकेज जेमतेम एक एमबीचं. एवढ्यासाठी रात्री दोन वाजता डेटा सेंटरमधल्या माणसाला का छळायचं? हे ऐकायला बिनतोड वाटतं, पण ‘आयपी’ यंत्रावर असतेच. अडतं ते साधनावाचून नाही, हाताला असलेल्या सवयीवाचून. त्या सवयीची मी टिंगल करणार नाही. रात्री दोन वाजता माणूस डोक्याने काम करत नाही, बोटांनी करतो. पण म्हणूनच भीती वाटते की ती बोटं आयएफकॉन्फिग टाइप करतील, ती एकच पत्ता दाखवेल, आणि जो दुसरा पत्ता खरा गोंधळ घालतो आहे तो नजरेआड राहील. सवय आणि अर्धी माहिती एकत्र आली की ती दोन वाजता फार महाग पडते.

दुसरा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. युनिक्स म्हणजे एकदा शिकलं की कुठेही चालतं, हे वचन होतं. आयएफकॉन्फिग मॅकवर चालते, फ्रीबीएसडीवर चालते, जुन्या सोलारिसवर चालायची. ‘आयपी’ ही लिनक्सची बोली. ती डीफॉल्ट केली की जो फक्त लिनक्स शिकतो तो मॅकवर बसला की गोंधळतो, आणि उलटही. डेबियनच्या त्या व्याख्येला जोडून एक टीपही आहे : इतर गोष्टींबरोबर आपण एक मुक्त युनिक्स घडवतो आहोत, म्हणून ही कसोटी. त्या टिपेच्या उजेडात 2017 चा निर्णय म्हणजे युनिक्स असण्यापासून लिनक्स असण्याकडे टाकलेलं एक छोटं पाऊल होतं. ते मला मान्य आहे, पण ते पाऊल कर्नलने 1999 मध्येच टाकलेलं होतं.

‘आयपी’चं आउटपुट दाटीवाटीचं आणि डोळ्याला टोचणारं आहे ही तक्रार खरी होती. पुढे तिला थोडक्यात दाखवणारा पर्याय आला, रंग आले आणि जेसॉनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशा मांडणीत, आउटपुट देण्याची सोयही आली. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आता तीच सोय वापरतो, ग्रेप नाही. आणि पत्ता रिकामा आला तर स्क्रिप्ट ओरडते. खरं तर हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, त्याचं खापर डेबियनवर फोडण्यात अर्थ नाही.

आता कोण दचकतं

पुढे हे असंच चालू राहिलं. उबुंटू 18.04 वर आयएफकॉन्फिग टाइप केलं की ती नाही म्हणते, पण कोणतं पॅकेज टाकायचं तेही सांगते. डेबियन 12 मध्ये, 2023 साली, नोंदी लिहून ठेवणारं आरसिसलॉग डीफॉल्ट राहिलं नाही, म्हणून व्हारमधल्या लॉगच्या घरात सिसलॉगची फाइल शोधणारे दचकले.

गंमत कंटेनरांची, म्हणजे एका यंत्रात चालणाऱ्या छोट्या बंदिस्त यंत्रणांची. अल्पाइन या वितरणाच्या इवल्याशा इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) बिझीबॉक्स हा अनेक कमांड एकत्र असलेला प्रोग्रॅम असतो, आणि त्यात आयएफकॉन्फिग, राउट, नेटस्टॅट सगळ्या आहेत. म्हणजे सगळ्यात सडपातळ वितरणाने या आजीबाईंना सांभाळलं आणि ऐसपैस डेबियनने बाहेर बसवलं. अर्थात बिझीबॉक्समधल्या या कमांड नव्याने लिहिलेल्या, नावं तेवढी जुनी.

परवा ऑफिसातला एक मुलगा, लिनक्समध्ये येऊन तीन वर्षं झालेली, डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात डेबियनच्या इमेजमध्ये शिरून बसला होता. सर्व्हिस जोडली जात नव्हती. एकदम म्हणाला, ‘दादा, हे काय? यात आयपी पण नाही?’ आयएफकॉन्फिग त्याने आयुष्यात कधी टाइप केलेली नाही. डेबियनमध्ये आयपीराउट2 आज त्याच ‘महत्त्वाचं’ पायरीवर आहे, जिथे पूर्वी नेट-टूल्स होतं. पण डॉकरची इमेज बांधताना ती अख्खी पायरीच वगळतात, फक्त ‘अत्यावश्यक’ पॅकेजं आणि पॅकेजं आणून टाकणारं एपीटी घेतात. एसएस नाही, नेटस्टॅट नाही, आणि त्या कंटेनरला बाहेरचं इंटरनेट नव्हतं, त्यामुळे काही टाकायची सोयही नाही.

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. प्रॉकमधल्या नेटच्या घरातली टीसीपी नावाची फाइल कॅटने उघडायला सांगितली. नेटस्टॅट वाचते तीच. पत्ते सोळा अंकी पद्धतीत, तेही उलट्या क्रमाने. 0100007एफ असं दिसलं. ‘मागून दोन दोन अंक वाच,’ म्हटलं. 7एफ म्हणजे 127, मग शून्य, शून्य, एक. पुढे कोलन आणि 1एफ90, म्हणजे 8080. सर्व्हिस फक्त स्वतःशीच बोलायला बसली होती, बाहेरच्यांसाठी दार उघडलंच नव्हतं. त्याने कॉन्फिगमधला पत्ता बदलला, कंटेनर पुन्हा चालू केला, आणि मग मला विचारलं, ‘पण दादा, आयपी डीफॉल्ट का नाही देत हे लोक?’